वहिनी आणि पश्चिमेची खोली

माझ्या वहिनीला राग येत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. साफ खोटं आहे ते. तिला राग येतो, पण तो गिळून ती कामाला लागते. मग तिच्या वाटचा राग मला करावा लागतो. तो मी आजही करते, आणि म्हणूनच हे सांगायला बसले आहे.

वहिनी इंजिनियर आहे. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने आमच्या न्हाणीघराची फरशी उखडली. उतार चुकलाय, पाणी कोपऱ्यात साचतंय म्हणाली. आई डोक्याला हात लावून दादाला म्हणाली, "अरे, तू सून आणलीस की गवंडी?" दादा काय बोलणार? तो सिमेंटची पिशवी आणायला निघाला होता. पण त्या दिवसापासून आमच्या न्हाणीघरात पाण्याचं थारोळं म्हणून दिसलं नाही, आणि आईनेही तो विषय पुन्हा काढला नाही. उलट शेजारणींना ती न्हाणीघर दाखवायला न्यायला लागली.

सांगायचं कारण, वहिनीचा स्वभावच तसा. वापरून बघायचं, चुकलेलं दिसलं की लगेच सुधारायचं. आपलं चुकलं म्हणायला तिची जीभ कधी अडखळत नाही. "अगं वन्सं, माणसाने बांधलेलंय, माणूस बदलू शकतो," हे तिचं ठरलेलं वाक्य. वन्सं म्हणते ती मला चिडवायला. एरवी आम्ही मैत्रिणीच.

ती ज्या कंपनीत होती ती पर्यावरणाला जपणारी घरं बांधायची. दाबलेल्या मातीच्या विटांच्या भिंती, त्यावर चुन्याचा गिलावा, पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाकी, आंघोळीचं पाणी उन्हावरच तापायचं. शहराबाहेरच्या एका उघड्या माळावर अशा घरांच्या दोन लांब रांगा उभ्या राहायच्या होत्या, एक पुढची, एक मागची. साइट वहिनीच्या ताब्यात होती. म्हणजे शिव्या तिच्या ताब्यात होत्या. निर्णय कुणाच्या ताब्यात होते ते पुढे कळेलच.

कंपनी थोरल्या साहेबांची. कारभार बघायचे त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब. काम सुरू व्हायच्या आधी हे धाकटे साहेब एका मोठ्या हॉटेलात भरलेल्या शिबिराला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. सॉफ्टवेअरवाले ज्या पद्धतीने कामं करतात त्याच पद्धतीने आता आपण घरं बांधायची, असं त्यांनी जाहीर केलं. तिचं नाव अजाईल. म्हणजे चपळ. सगळं आधीच ठरवून टाकायचं नाही. थोडं करायचं, वापरणाऱ्याला विचारायचं, चुकलं तर तिथल्या तिथे बदलायचं, मग पुढचं पाऊल टाकायचं.

बांधकामाच्या ठेकेदाराला सगळे मामा म्हणतात. तो मागच्या रांगेतून म्हणाला, "साहेब, चपळ म्हणालात की चप्पल?" सगळे हसले. वहिनी मात्र हसली नाही. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की आईला वाटलं बढतीच मिळाली. "वन्सं, शेवटी कुणीतरी शहाणा भेटला गं," वहिनी म्हणाली. "मी इतकी वर्षं घसा कोरडा करून हेच सांगत होते."

तिने लगेच पहिली मागणी केली. पुढच्या रांगेतलं टोकाचं एक घर आधी पूर्ण करायचं, अगदी दाराच्या कडीपर्यंत. त्यात राहून बघायचं आणि मगच बाकीच्या भिंती चढवायच्या. मामा कुरकुरला. "मॅडम, एकाच घरावर सगळे कसे चढणार? माझी माणसं काय हवा खात बसतील?" त्याचं म्हणणंही चूक नव्हतं. ठेकेदाराचं गणित सगळे पाये एकदम, सगळ्या भिंती एकदम, सगळी छपरं एकदम असं असतं. वहिनीने त्याच्याशी बसून मेळ घातला. काही माणसं टोकाच्या घरावर, बाकीची इतर घरांच्या पायावर. मामा तयार झाला. घर वर आलं. दिसायला इतकं देखणं की येणारा जाणारा भिंतीवरून हात फिरवून जायचा.

आता त्या चपळाईबद्दल सांगते, म्हणजे माझा संताप तुम्हाला कळेल.

रोज सकाळी साइटवर उभ्याने सभा व्हायची. उभ्याने अशासाठी की ती लवकर आटोपावी, कुणी पसरून बसू नये. फार छान. पण धाकटे साहेब आले की शिपाई त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन यायचा. साहेब खुर्चीत बसायचे आणि बाकीची मंडळी उन्हात उभी. साहेबांना उशीर झाला तर तेवढा वेळ नुसतीच उभी. तिकडे घमेल्यात कालवलेला माल सुकून दगड व्हायचा, तो फेकून परत कालवायचा. मामा एकदा म्हणालाच, "मॅडम, पूर्वी आमचं काम उभं राहायचं. आता आम्ही उभे राहतो."

साइटच्या कचेरीत भिंतीवर एक मोठा फळा लावला होता. त्यावर ठळक मथळा 'वापरणाऱ्याला विचारा' आणि खाली तीन रकाने, 'करायचं', 'चालू' आणि 'झालं'. प्रत्येक कामाची रंगीत चिठ्ठी, आणि काम पुढे सरकलं की चिठ्ठीही सरकवायची. वहिनीला तो फळा मनापासून आवडायचा. कोण कुठे अडलंय ते एका नजरेत दिसतं, म्हणायची.

टोकाचं घर पूर्ण झालं तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. वहिनीने साहेबांकडून परवानगी मिळवली आणि आपलंच बिऱ्हाड थोड्या दिवसांसाठी तिकडे हलवलं. ती, दादा आणि आई. गाद्या, शेगडी, चार भांडी. मी सुट्टीला जाऊन राहिले. घर खरोखर सुंदर होतं. बाहेर डोकं तडकत असताना पुढच्या खोलीत पाऊल टाकलं की अंगावरून कुणी ओला पंचा फिरवल्यासारखं वाटायचं. आई जमिनीवर आडवी व्हायची आणि "सुख आहे गं" म्हणत डोळे मिटायची.

पण पश्चिमेची खोली! नकाशात ती आईवडिलांची खोली म्हणून दाखवली होती. तिला भलीमोठी काचेची खिडकी, अर्धी भिंत व्यापणारी. दुपार कलली की ऊन त्या काचेतून सरळ आत यायचं. मातीची भिंत ते ऊन संध्याकाळपर्यंत गिळायची आणि मग रात्रभर ओकत बसायची. गरम हवेला बाहेर पडायला वरच्या अंगाला एक भोक नाही. खिडकीजवळच्या फळीवर ठेवलेली मेणबत्ती मान टाकून वाकली. पहिल्याच दुपारी आई त्या खोलीतून उशी काखेत मारून बाहेर आली आणि म्हणाली, "सूनबाई, या खोलीत कपडे छान वाळतील. माणूसही वाळेल."

वहिनी आनंदली. अगदी खरं सांगते, आनंदली. "बघा! एकाच घरात कळलं. बाकीच्या भिंती अजून चढायच्या आहेत. खिडकी अर्धी करायची, वर छज्जा द्यायचा, छताखाली दोन झरोके ठेवायचे. संपलं." तिने नारिंगी चिठ्ठीवर 'पश्चिमेची खिडकी' असं लिहिलं आणि फळ्यावर पहिल्या रकान्यात लावली.

धाकट्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास मॅडम! यालाच म्हणतात चपळाई! आपल्या पद्धतीचा पहिला विजय!"

"मग बदलू ना, सर?"

"बदलू की. फक्त खिडक्यांचं तेवढं बघून घ्या."

खिडक्यांचं बघायला ती खरेदीवाल्याकडे गेली. तो म्हणाला, सगळ्या घरांच्या खिडक्या कधीच्याच येऊन गोदामात पडल्यात. पहिली वीट लागायच्या आधीच घेतल्या, एकदम घेतल्या की स्वस्त पडतात, आणि आता त्या परत जात नाहीत. वहिनीने विचारलं, "अहो, जे आधी ठरवायचंच नाही म्हणून आपण ठरवलं, ते आधीच विकत कसं घेतलं?" तो म्हणाला, "मॅडम, शिबिराला मी नव्हतो."

नकाशे मंजूर करणाऱ्या कार्यालयात गेली. तिथला कारकून भला माणूस होता, त्याने पाणी विचारलं. म्हणाला, खिडकीचं माप बदललं तर नकाशा नवा, सह्या नव्या, रांग नवी. "बाई, तुमचं पटतंय मला. पण वापरून पाहिलं आणि चुकलं असा रकानाच नाही हो आमच्या अर्जात."

मग ती गेली कंपनीने नेमलेल्या सल्लागाराकडे. घराला पर्यावरणाचं मानचिन्ह मिळवून देणं हे त्याचं काम. त्यासाठी गुण असतात, परीक्षेसारखे. तो म्हणाला, "मोठ्या खिडकीला नैसर्गिक उजेडाचे गुण आहेत. लहान केली तर ते जातील."

"पण त्या खोलीत माणूस टिकत नाही. लोक एसी लावतील. मग कसलं आलंय पर्यावरण?"

"ते घर ताब्यात गेल्यावर लावतील ना? त्याचे गुण आम्ही कापत नाही."

हे वाक्य वहिनीने घरी सांगितलं तेव्हा मी हातातली वाटी आपटली. वहिनीने ती उचलून ठेवली.

उरला मामा. तो म्हणाला, "तुम्ही सांगाल तशी भिंत चढवतो. पण मला सही केलेला कागद पाहिजे. उद्या साहेब म्हणाले कुणी सांगितलं होतं, तर मी कुणाचं नाव घेऊ? तुमचं? तुमच्या सहीला किंमत आहे का मॅडम?"

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. खरंच विचारत होता तो. आणि तिच्या सहीला खरंच किंमत नव्हती. एक खिडकी वीतभर सरकवायचा अधिकार साइटवरच्या मुख्य इंजिनियरला नव्हता. तिला अधिकार होता तो चिठ्ठ्या सरकवायचा.

रोज सकाळी साहेब खुर्चीतून विचारायचे, "पश्चिमेच्या खिडकीला काय अडथळा?" वहिनी उभ्याउभ्या सांगायची. साहेब मान डोलवायचे. मग त्यांनी फळ्यावर चौथा रकाना आखून घेतला, 'अडथळे'. चिठ्ठी तिथे गेली आणि तिथेच उन्हाने फिकी पडत बसली. इकडे पुढच्या रांगेच्या भिंती वर चढत होत्या, त्याच जुन्या खिडक्या पोटात घेऊन. त्या थांबवा म्हणून वहिनी रोज सांगत होती. थांबवता येत नव्हत्या, कारण घरं विकली गेली होती, बँका भिंतींची उंची बघून हप्ते सोडत होत्या. चपळ म्हणवणाऱ्या त्या कामाला थांबायचं कसं हेच ठाऊक नव्हतं!

आणि मग थोरले साहेब पाहणीला येणार असं ठरलं. त्या दिवशी वहिनी साइटवर पोचली तर फळ्यावरून 'अडथळे' हा रकाना पुसलेला, आणि नारिंगी चिठ्ठी शेवटच्या रकान्यात. 'झालं'.

"ही कुणी हलवली?" तिने विचारलं.

धाकटे साहेब म्हणाले, "मी. का?"

"पण सर, खिडकी तशीच आहे."

"मॅडम, त्यावर चर्चा झाली ना? सगळ्यांचं म्हणणं ऐकून झालं ना? म्हणजे झालं. प्रत्येक गोष्ट किती ताणायची?"

थोरले साहेब आले, फळा पाहिला, 'वा' म्हणाले आणि गेले.

त्या संध्याकाळी वहिनी घरी आली ती थेट न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळ चालू होता. आईने दारावर टकटक केलं नाही, नुसती बाहेर स्टूल घेऊन बसून राहिली. वहिनी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आई एवढंच म्हणाली, "त्या खोलीत म्हातारी माणसं झोपणार आहेत ना?" वहिनीने मान हलवली. "मग?" आई म्हणाली.

आता, आमचं बिऱ्हाड परतल्यावर घर घेणाऱ्यांना ते टोकाचं घर दाखवायची एक रीत होती. विक्रीवाले त्यांना सकाळीच आणायचे, उन्हं कोवळी असताना. पश्चिमेच्या खोलीत पडदा लावलेला असायचा आणि कोपऱ्यात फुलदाणी. पुढच्या सुट्टीच्या दिवशी विक्रीवाल्यांकडे माणूस नव्हता, म्हणून पाहुण्यांना घर दाखवायचं काम वहिनीवर आलं. तिने सगळ्यांना निरोप धाडला, सकाळी नको, दुपारी जेवून या. आले तेव्हा पडदा काढलेला होता. वहिनीने त्यांना पश्चिमेच्या खोलीत सतरंजीवर बसवलं आणि म्हणाली, "थोडा वेळ इथेच बोलू."

थोड्याच वेळात लोक रुमालाने माना पुसायला लागले. एक निवृत्त बसचालक होते, मागच्या रांगेतलं घर घेतलेले. ते म्हणाले, "बाई, जन्मभर इंजिनाशेजारी बसलो, पण तिथे निदान वारा लागायचा." दातांची एक डॉक्टर होती, पुढच्या रांगेतली. तिने सरळच विचारलं, "हे असं का आहे?"

वहिनीने सांगितलं. काय चुकलंय, काय केलं तर सुधारेल, आणि ते का होत नाही. कुणाला शिव्या दिल्या नाहीत, काही लपवलंही नाही. बसचालक म्हणाले, "तुम्ही कंपनीच्या असून हे सांगताय? नोकरी नकोशी झालीय का?"

"नोकरी हवीय मला," वहिनी म्हणाली. "पण तुम्हालाही घर हवंय. वापरणाऱ्याला विचारायचं, असं आमच्या फळ्यावर लिहिलंय. मी विचारतेय."

दुसऱ्या दिवशी कचेरीत जे झालं ते तिने मला कधी नीट सांगितलं नाही. दादाकडून कळलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, खाल्ल्या मिठाला जागली नाहीस, असलं बरंच काही. उभी सभा होती ती. साहेब खुर्चीत, वहिनी उभी, आणि ऐकायला झाडून सगळे हजर.

पण घर घेणाऱ्यांनी एकत्र येऊन मागणी केली होती आणि ते थोरल्या साहेबांच्या दारात जाऊन बसले होते. आणि मग चमत्कार झाला! जे होऊच शकत नव्हतं ते सगळं झालं. गोदामातल्या खिडक्या कंपनीच्या दुसऱ्या कुठल्याशा इमारतीला खपल्या. धाकटे साहेब स्वतः मंजुरीच्या कार्यालयात गेले, तर नवा नकाशा आठवड्यात हातात. सल्लागाराला एकाएकी आठवलं की झरोक्यांनाही गुण असतात, हवा खेळती राहण्याचे. मामाला सही केलेला कागद मिळाला. मागच्या रांगेतल्या भिंती अजून कमरेएवढ्याच होत्या. त्यांना लहान खिडकी, छज्जा, झरोके, सगळं मिळालं.

माझं डोकं फिरतं ते इथेच. ते अडथळे दगडाचे असते तर मी समजून घेतलं असतं. पण ते कागदाचे होते, आणि वरच्या माणसाने फुंकर मारली की उडत होते. ती फुंकर मारायला त्या माणसाला इतके दिवस कुणी अडवलं होतं? तोवर पुढच्या रांगेवर छपरं चढली होती. ती घरं गेली ती गेलीच.

पुढे धाकट्या साहेबांनी कुठल्याशा परिषदेत भाषण केलं, 'ग्राहकाचा आवाज आणि चपळ बांधकाम'. पडद्यावर फळ्याचा फोटो दाखवला. आणि वहिनीला बक्षीस म्हणून साइटवरून काढून मुख्य कचेरीत नेमायचं ठरलं, बाकीच्या साइटवरच्या लोकांना चपळाई शिकवायला. पगार तोच, खोली थंडगार.

दादा म्हणाला, "घे ना. उन्हातान्हाची दगदग तरी वाचेल."

तेव्हा मी वहिनीचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. "काय शिकवू त्यांना? पाय बांधलेल्या माणसाला पळायला शिकवू? आधी दोर सोडा म्हणावं, पळतील आपोआप!" आईने तिच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "जेव आधी. मग लिही काय लिहायचं ते." मागची रांग पुरी करून वहिनीने नोकरी सोडली.

घरं ताब्यात गेली. फाटकावर मानचिन्हाची पितळी पाटी लागली. पुढच्या रांगेत दर पश्चिमेच्या भिंतीवर आता एसीचा खोका लटकतो, एकापुढे एक, घुर्र करत. एके दिवशी त्या दातांच्या डॉक्टरचा वहिनीला फोन आला. आम्ही दोघी बाजारात होतो. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. माझे वडील त्या खोलीत झोपू शकत नाहीत, विजेचं बिल बघा काय आलंय, तुम्हाला माहीत होतं तर आमच्या भिंती चढल्याच कशा?

वहिनीने पूर्ण ऐकून घेतलं. तोंडातून एकदाही 'मी सांगितलं होतं' असं निघालं नाही. म्हणाली, "खिडकीला बाहेरून बांबूची चटई लावा, आतून पडद्याचा उपयोग नाही. आणि छताखाली झरोका पाडता येईल. मी येऊन जागा दाखवते." आणि खरंच गेली, रविवारी, छिन्नी हातोडा आणि मामाचा एक माणूस बरोबर घेऊन. मी बाजारात तिथल्या तिथे भडकले होते. "अगं, तू का जायचं? त्या खुर्चीवाल्याला जाऊ दे की!" ती म्हणाली, "त्याला छिन्नी कुठे धरायची ते माहीत नाही, वन्सं. आणि त्या आजोबांना आज झोपायचंय."

हल्ली ती काही कुटुंबांसाठी घरं बांधते. त्यांनी मिळून जागा घेतली आहे. पहिल्या बैठकीत तिने अट घातली, एक घर आधी, त्यात एक उन्हाळा राहायचं, मग बाकीची. इतका वेळ कुणाला आहे म्हणत दोन कुटुंबं उठून गेली. उरलेल्यांची दुसरी अटही मान्य झाली. साइटवर जे छोटे बदल करावे लागतील ते साइटवरच ठरतील, त्याला कुणाची सही लागणार नाही.

परवा मी तिच्याबरोबर होते. वर बांबूच्या परांचीवर उभ्या गवंड्याने हाक मारली, "ताई, इथे झरोका एक वीट वर घेतला तर पाऊस आत येणार नाही. घेऊ का?" वहिनीने खालून डोळे बारीक करून पाहिलं, दोन पावलं मागे सरून पुन्हा पाहिलं.

"घे," ती म्हणाली.

त्याने वीट उचलली.